‘रिकव्हरी’ नावाचा किल्ला: परत मिळवलं म्हणजे नक्की काय मिळवलं?

आई-बाबा यंदा उन्हाळ्यात आमच्याकडे डेटनला होते. नायगारा झाला, शिकागो झालं, मॉल तर पहिल्या आठवड्यातच बघून संपले, आणि बाबांचं एकच चालू होतं, इथे चढायला काहीच नाही का गं. बाबा सातारचे, रिटायर झाल्यापासून रोज सकाळी अजिंक्यतारा, त्यामुळे ओहायोच्या सपाट जमिनीवर त्यांचा जीव काही रमेना. शेवटी एका शनिवारी मी म्हटलं, बाबा, चढ नाहीये पण किल्ला आहे, येता का? लगेच शूज घालून तयार.

फोर्ट रिकव्हरी. गाडीने दीडेक तास, दोन्ही बाजूंना नुसता मका आणि सोयाबीन, मधे मधे धान्याचे उंच सायलो, आणि मग दीड हजाराच्या आसपास वस्तीचं एक गाव. त्या गावात दोन लाकडी बुरूज उभे आहेत, त्यांना जोडणारी ओंडक्यांची भिंत आणि बाजूला म्युझियम. मूळचं लाकूड यात काही नाही, सगळं नंतर पुन्हा बांधलेलं. या बुरुजांना इकडे ब्लॉकहाउस म्हणतात, खालचा मजला लहान आणि वरचा चारी बाजूंनी हातभर पुढे आलेला, म्हणजे शत्रू भिंतीला चिकटून उभा राहिला तरी वरच्या मजल्याच्या फटीतून सरळ खाली गोळी घालता येते. बाबांनी भिंतीतल्या भोकात हात घालून बघितला आणि म्हणाले, या तर जंग्याच की. आणि ओंडक्यांची भिंत बघून म्हणाले, हा मेढेकोट. मी हा शब्द किती वर्षांनी ऐकला! मग त्यांचा दुसरा प्रश्न, जो सह्याद्रीत फिरलेला कुठलाही माणूस विचारेल, पाणी कुठाय? मी बोट दाखवलं. वॉबॅश नदी जवळच आहे, इथे ती अगदी ओढ्याएवढी दिसते, पुढे सगळं इंडियाना फिरून आठशे किलोमीटर जाते.

बुरुजापाशी बाबांचा फोटो काढला आणि आमच्या मराठी मंडळींच्या एका ग्रुपवर टाकला. उत्तरं आली ती वाचून मला खरंच वाईट वाटलं. गोठा आहे का हा, अडीचशे वर्षांच्या देशात कसला आलाय इतिहास, आमच्या रायगडापुढे हे म्हणजे काय. म्हणून आज सविस्तर लिहितेय, लांब होईल, पण वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे हे किल्ले उंची आणि दगड मोजून कळणार नाहीत. इथे डोंगर नव्हते, होतं ते घनदाट जंगल. किल्ला बांधायचा म्हणजे आधी झाडं पाडायची, ओंडके चराच्या मापाने कापायचे, टोकं तासायची, चर खणून उभे पुरायचे. दोनचारशे माणसं लागली तर काही दिवसांत किल्ला उभा. सिनसिनाटीचा फोर्ट वॉशिंग्टन १७८९ चा, त्यात तर ओहायो नदीतून वस्तीवाले ज्या चपट्या होड्यांतून यायचे त्या होड्यांच्या फळ्यासुद्धा वापरल्या. पण ओलं लाकूड जमिनीत पुरलं की काही वर्षांत कुजतं. म्हणून अवशेष दिसत नाहीत. जिथे किल्ले होते तिथे आता आख्खी शहरं आहेत, सिनसिनाटी, हॅमिल्टन, ग्रीनव्हिल, डिफायन्स, फोर्ट वेन. आपल्यातले कितीतरी लोक या गावांत नोकऱ्या करतात, घरं घेतात, आणि त्या नावांत एकेक लष्करी ठाणं दडलंय हे लक्षातही येत नाही. माझ्याही बरीच वर्षं आलं नव्हतं.

आता ‘रिकव्हरी’ या नावाकडे येते, कारण माझं जे काही म्हणणं आहे ते या एका शब्दात आहे. रिकव्हरी म्हणजे परत मिळवणं. गमावलेलं परत मिळवतात ना? मग काय गमावलं होतं इथे, आणि ते मुळात कोणाचं होतं?

अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध संपवणाऱ्या १७८३ च्या पॅरिसच्या तहात इंग्रजांनी ओहायो नदीच्या उत्तरेचा सगळा मुलूख अमेरिकेला देऊन टाकला. त्या मुलखात मायामी, शॉनी, डेलावेअर, वायंडॉट अशा कितीतरी जमातींचे मूळ रहिवासी राहत होते, त्यांना कोणी विचारलंसुद्धा नाही, तहाच्या टेबलावर त्यांचा एकही माणूस नव्हता. (मायामी म्हणजे फ्लोरिडातलं नव्हे, इकडच्या लोकांचं नाव, ओहायोतल्या मायामी युनिव्हर्सिटीला त्यांच्यावरूनच नाव पडलंय.) नव्या सरकारवर युद्धाचं प्रचंड कर्ज, तिजोरीत खडखडाट, आणि हातात एकच गोष्ट, ही जमीन. १७८५ मध्ये कायदा करून जमिनीचे चौकोन पाडून विकायचं ठरलं. जमीन विकायची म्हणजे मोजणीदार पाठवायचे, त्यांच्या रक्षणाला शिपाई पाठवायचे, शिपायांना ठाणं हवं. त्याच वर्षी मस्किंगम नदीच्या मुखाशी फोर्ट हार्मर बांधला आणि मजा म्हणजे त्याचं एक काम होतं आपल्याच गोऱ्या घुसखोरांना हुसकावणं, कारण फुकट बसलेला माणूस पैसे देणाऱ्या गिऱ्हाईकाच्या आड येतो. पण तीन वर्षांत किल्ल्यासमोरच मॅरिएटा गाव वसलं.

म्हणून मी म्हणते की आपल्या डोक्यातला किल्ला इथे लावू नका. आपल्याकडे किल्ला म्हटला की आपला मुलूख राखणारी जागा. हे किल्ले मुलूख राखत नव्हते, पुढे सरकत होते. एक किल्ला, मग जंगल तोडून वीसपंचवीस मैल रस्ता, मग दुसरा किल्ला, त्यात पिठाची पोती, मग परत रस्ता. नकाशावर सिनसिनाटीपासून उत्तरेला फोर्ट हॅमिल्टन, फोर्ट सेंट क्लेअर, फोर्ट जेफरसन, ग्रीनव्हिल, रिकव्हरी, डिफायन्स असे ठिपके जोडून बघा, सरळ उत्तरेला घुसलेली एक रेघ दिसते.

आणि तिथल्या मूळ रहिवाशांनी ही रेघ दोनदा तोडली, हे कोणी सांगतच नाही. १७९० च्या ऑक्टोबरमध्ये जनरल हार्मर साडेचौदाशे माणसं घेऊन किकियोंगावर गेला, हे मायामींचं मोठं गाव, तीन नद्यांच्या संगमावर. गावं जाळली, मका जाळला, आणि मग दोन लढायांत मार खाऊन परत आला. पुढच्या वर्षी सेंट क्लेअर निघाला, हा या मुलखाचा गव्हर्नर आणि सेनापतीही, संधिवाताने इतका जर्जर की घोड्यावर बसवत नव्हतं.

त्याच्या शिपायांचा पगार ऐका. कायद्याने महिना ३ डॉलर. त्यातून गणवेशाचे ९० सेंट आणि औषधपाण्याचे १० सेंट कापून हातात २. तोही वेळेवर नाही. बंदुकीची दारू खराब, तंबू गळके, कुऱ्हाडी पुरेशा नाहीत आणि जंगलातून रस्ता तर कुऱ्हाडीनेच काढायचा, ओझ्याच्या घोड्यांची खोगिरं घोड्यांच्या मापापेक्षा मोठी. रसदीचं कंत्राट न्यूयॉर्कच्या विल्यम ड्यूअरकडे होतं, हा माणूस सरकारने दिलेले पैसे शेअर आणि जमिनीच्या सट्ट्यात फिरवत होता आणि इकडे जंगलात पीठ पोचत नव्हतं. फौजेतले काहीजण वैतागून पळाले, ते वाटेत येणारी रसद लुटतील या भीतीने सेंट क्लेअरने आपली सगळ्यात पक्की अशी पहिली रेजिमेंट, तीनेकशे माणसं, मागे पाठवली. आणि ती मागे असतानाच घात झाला.

४ नोव्हेंबर १७९१ ची पहाट. वॉबॅशच्या काठावर, म्हणजे बाबा जिथे उभं राहून पाणी कुठाय विचारत होते तिथेच, फौजेचा तळ. थंडी, जमिनीवर पातळ बर्फ, आणि आदल्या रात्री तळाभोवती साधा आडोसासुद्धा केलेला नाही. मायामींचा लिटल टर्टल, शॉनींचा ब्लू जॅकेट, डेलावेअरांचा बकाँगहेलस, हे तिघं आपापल्या लोकांना घेऊन अर्धचंद्रासारखे पसरून आले, आणि तोफखान्याच्या माणसांना आधी टिपलं. तीन तासांत खेळ खलास. सहाशेच्या वर शिपाई मेले, दुसऱ्या नंबरचा अधिकारी जनरल रिचर्ड बटलर मेला, जखमी अडीचशेच्या वर. हल्ला करणाऱ्यांचे मेले वीसपंचवीसच्या आसपास. आपण सगळ्यांनी अमेरिकन सेनाधिकारी कस्टरचं नाव ऐकलंय, मूळ रहिवाशांकडून तो हरला ती १८७६ ची लिटल बिगहॉर्नची लढाई, त्यावर सिनेमे निघाले. तिथे मेलेले सैनिक अडीचशेच्या पुढे. इथे त्याच्या दुपटीहून जास्त. अमेरिकन सैन्याचा मूळ रहिवाशांच्या हातून झालेला हा सगळ्यात मोठा पराभव, आणि डेटनमध्ये शाळा शिकलेल्या माझ्या मुलीला तो माहीत नव्हता.

या तळावर बायका-मुलंही होती. शिपायांच्या बायका, धुणं धुणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या, जखमींची सेवा करणाऱ्या, दोनशेच्या आसपास लोक. त्यांतले फार थोडे वाचले. दोन डॉलर पगारात घर चालत नाही म्हणून नवऱ्याच्या मागे जंगलात आलेल्या या बायका होत्या. मी म्युझियममध्ये त्या काळच्या भांड्यांपुढे बराच वेळ उभी होते, आई म्हणाली चल आता, पण मला तिथून हलवेना.

पळालेली माणसं संध्याकाळी एकोणतीस मैलांवरच्या फोर्ट जेफरसनला पोचली, तर किल्ल्यात त्यांना द्यायला खाणंच नव्हतं. तसेच पुढे गेले.

इथे एक आपल्याकडची आठवण सांगते, ती खरंच जोडलेली आहे. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला अमेरिकनांसमोर शरण आलेला कॉर्नवॉलिस पुढे हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल होऊन आला, आणि सेंट क्लेअरची फौज उपाशी होती त्याच वर्षी, १७९१ च्या मे महिन्यात, हा श्रीरंगपट्टणपुढे टिपूशी लढताना तसाच उपाशी अडकला होता. बैल मेले, स्वतःच्या मोठ्या तोफा त्याने स्वतःच फोडून टाकल्या आणि माघार घेतली. तेव्हा परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके मराठी फौज घेऊन पोचले आणि त्यांच्या लष्करी बाजारात धान्यापासून सगळं मिळत होतं, भाव चढे होते पण माल होता, त्यावर इंग्रजांची फौज जगली. आपल्या बाजारबुणग्यांना आपण नेहमी नावं ठेवतो ना, पानिपत त्यांच्यामुळे गेलं वगैरे, पण फौजेबरोबर बाजार असणं म्हणजे काय ते त्या उन्हाळ्यात कॉर्नवॉलिसला विचारायला हवं होतं. सेंट क्लेअरच्या पाठीशी असा बाजार नव्हता, एक कंत्राटदार होता, तोही शेकडो मैल लांब न्यूयॉर्कला.

पराभवानंतर १७९२ मध्ये अमेरिकन काँग्रेसने चौकशी लावली, सरकारच्या कारभाराची काँग्रेसने केलेली ही पहिलीच चौकशी. कागदपत्रं द्यायची की नाही यावर वॉशिंग्टनच्या मंत्रिमंडळात खल झाला, राष्ट्राध्यक्ष कुठले कागद रोखू शकतो हा वाद अमेरिकेत आजही चालतो त्याचं मूळ इथे, या ओढ्याकाठी. समितीने सेंट क्लेअरला बऱ्यापैकी मोकळं सोडलं आणि बोट दाखवलं रसदीकडे आणि युद्धखात्याकडे. ड्यूअर त्याच वर्षी मार्चमध्ये सट्ट्यात बुडाला, बाजार घेऊन बुडाला, कर्जापायी तुरुंगात गेला आणि १७९९ मध्ये मेला. हे वाचून मला समाधान वाटलं असं नाही. सहाशे माणसांचा हिशोब त्याने भरत नाही.

मग आला नवा सेनापती, अँथनी वेन. याने घाई केली नाही. दीडेक वर्ष नुसतं सैन्य घडवलं, रस्ते केले, साठे केले, आणि १७९३ च्या नाताळात माणसं पाठवली ती बरोबर त्या जुन्या रणांगणावर. तिथे किल्ला बांधा म्हणाला. दोन वर्षं हाडं तशीच उघड्यावर पडलेली होती. एका शिपायाने लिहून ठेवलंय की रात्री तंबूत अंथरूण टाकायला जागा व्हावी म्हणून आधी हाडं गोळा करून बाहेर टाकावी लागायची. सहाशेच्या आसपास कवट्या त्यांनी पुरल्या. आणि मग चार ब्लॉकहाउस, मधे मेढेकोट, आणि नाव दिलं रिकव्हरी.

त्या शिपायांच्या बाजूने बघितलं तर हे नाव मला समजतं, अगदी आतून समजतं. आपल्या मेलेल्या सोबत्यांची जागा परत घेतली, त्यांना माती दिली. पण ती जमीन त्यांची कधीच नव्हती हो. १७९१ च्या आधी तिथे अमेरिकन सैन्याने पाऊलही ठेवलं नव्हतं. दोन रात्री मुक्काम केला नाही आणि परत मिळवलं म्हणे. आणि ४ नोव्हेंबरच्या लढाईला म्हणतात काय, तर ‘सेंट क्लेअरचा पराभव’. जिंकलं कोण याचा पत्ताच नाही नावात. आपण सत्तावन्नला बंड म्हणायचं की स्वातंत्र्यसमर यावर पिढ्यान् पिढ्या भांडलो, ते भांडण किती गरजेचं होतं हे मला इथे उभं राहून कळलं.

१७९४ च्या ३० जूनला दीड हजाराच्या वर योद्धे या किल्ल्यावर चालून आले, आत अडीचशेच्या आसपास शिपाई. आधी त्यांनी रसद पोचवून परत निघालेला घोड्यांचा तांडा लुटला, मग किल्ल्यावर धडकले. १७९१ मध्ये जिंकलेल्या तोफा त्यांनी ओंडक्यांखाली लपवून ठेवल्या होत्या, त्या काढून किल्ल्यावर डागायच्या हा बेत होता. पण वेनच्या माणसांनी त्यातल्या काही आधीच शोधून काढून किल्ल्यावर चढवल्या होत्या. हल्ला करणारे त्या शोधत फिरले, आणि त्यांनीच जिंकलेल्या तोफांचे गोळे त्यांच्यावर आले. दुसऱ्या दिवशी ते मागे फिरले.

ऑगस्टमध्ये वेन मॉमी नदीकाठी पोचला, तिथे फोर्ट डिफायन्स बांधला, आणि तिथून त्याने लिहिलंय की कॅनडापासून फ्लोरिडापर्यंत इतकी अफाट मक्याची शेतं त्याने कुठेच पाहिली नव्हती. हे सेनापतीचंच पत्र आहे, कोणा विरोधकाचं नाही. इथे काही नव्हतं, ओसाड रान होतं, शिकारी टोळ्या होत्या असं जे सांगतात त्यांनी हे पत्र वाचावं. आणि मग त्याने ती शेतं जाळली. २० ऑगस्टला आजच्या टोलेडोजवळ, वादळात पडलेल्या झाडांच्या गचपणात लढाई झाली, फॉलन टिंबर्स. हरलेले योद्धे पळत जवळच्या इंग्रजांच्या फोर्ट मायामिसकडे गेले. इंग्रजांनीच त्यांना इतकी वर्षं बंदुका दिल्या होत्या, पाठीशी आहोत म्हणून सांगितलं होतं. किल्ल्याचा दरवाजा बंद होता. मेजर कॅम्पबेलने उघडला नाही, अमेरिकेशी नवं युद्ध नको म्हणून. मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात जास्त छळणारं चित्र हे आहे. बाबांना सांगितलं तेव्हा ते काही बोललेच नाहीत, नुसती मान हलवली.

ऑक्टोबरमध्ये किकियोंगाच्या जागी किल्ला झाला, फोर्ट वेन, त्याचं उद्घाटन २२ तारखेला, बरोबर चार वर्षांपूर्वी त्याच तारखेला हार्मर तिथे हरला होता. १७९५ च्या ३ ऑगस्टला ग्रीनव्हिलचा तह. ओहायोचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग गेला, बदल्यात २० हजार डॉलरचा माल आणि वर्षाला साडेनऊ हजार डॉलर, तेही बारा जमातींत वाटून. तहातली सीमारेषा फोर्ट रिकव्हरीवरूनच जाते. आणि रेषेच्या पलीकडेही सोळा तुकडे अमेरिकेने किल्ल्यांसाठी आणि ठाण्यांसाठी मागून घेतले, त्यात एक होता शिकागो नदीच्या मुखाशी सहा मैलांचा चौकोन. १८०३ मध्ये तिथे फोर्ट डिअरबॉर्न उभा राहिला. शिकागोला आई-बाबांना घेऊन गेलो तेव्हा नदीवरच्या पुलापाशी फुटपाथवर त्याच्या खुणा आहेत, त्या आम्ही तुडवत गेलो होतो आणि कळलं नव्हतं.

तहानंतर लिटल टर्टल लढला नाही. म्हातारपणी त्याचा मुक्काम फोर्ट वेनला जावयाकडे, विल्यम वेल्स त्याचं नाव. हा वेल्स गोऱ्यांचा मुलगा, लहानपणी मायामींनी पळवून नेऊन वाढवलेला, १७९१ ला सासऱ्याच्या बाजूने लढला, नंतर वेनचा वाटाड्या झाला, आणि १८१२ च्या ऑगस्टमध्ये फोर्ट डिअरबॉर्नची माणसं सुखरूप बाहेर काढताना मारला गेला. सासरा त्याच्या महिनाभर आधीच गेला होता. शिकागोचा वेल्स स्ट्रीट या माणसाच्या नावाचा. मायामींना १८४६ मध्ये कालव्यातल्या बोटींत बसवून इंडियानातून बाहेर काढलं, आधी कॅन्सस, मग ओक्लाहोमा. रिकव्हरी त्यांच्या वाट्याला आली नाही.

तेव्हा लाकडी गोठा म्हणून हसणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, ओहायो-इंडियानात राहत असाल तर एक शनिवार काढा. मुलांना न्या. गावात उंच दगडी स्मारकही आहे, १९१३ चं, १८५१ मध्ये गावात परत हाडं निघाली ती सन्मानाने पुरली होती, ती आता या स्मारकाखाली आहेत. तिथे मुलांना शिपायांचं सांगा, दोन डॉलरवाल्यांचं, त्या बायकांचंही सांगा, आणि मग नदीकडे तोंड करून उभं करा आणि त्या पहाटे जिंकलेल्यांची नावं सांगा.

परतताना गाडीत बाबांनी विचारलं, त्या लिटल टर्टलची समाधी वगैरे आहे का कुठे? आहे. फोर्ट वेनमध्ये लॉटन प्लेसवर, साध्या घरांच्या रांगेत एक मोकळा प्लॉट आहे, १९१२ मध्ये घराचा पाया खणताना त्याची कबर सापडली. आमच्यापासून दोनेक तास. तेव्हा परतीच्या तिकिटाला चारच दिवस राहिले होते, जमलं नाही. बाबा पुढच्या मे महिन्यात येतायत, बॅग उघडायच्या आधी तिथे जायचं ठरलंय.